घरच्या हृदयरुग्णासाठी: आपोआप माहिती पाठवणारी यंत्रे की रोजची वही?
जांबोटी भागात राहणाऱ्या, हृदय दुर्बल झालेल्या वडिलांसाठी मोजमापे थेट बेळगावच्या डॉक्टरांकडे पाठवणारी यंत्रे घ्यावीत, की साधा वजनकाटा व रक्तदाबयंत्र आणून वहीत नोंद ठेवावी, असा प्रश्न खानापूरच्या एका परिचितांना पडला आहे.

खर्चात वही निर्विवाद स्वस्त आहे. श्रमांत यंत्रे सरस ठरतात. परंतु त्या जंगलपट्टीत पावसाळ्यात वीज वा नेटवर्क गेले की माहिती अडून राहते, वही मात्र चालूच असते.

खरा फरक कोणत्या रुग्णाकडे आधी पाहावे हे ठरवण्यात आहे. अशा रुग्णाचे वजन ३ दिवसांत २ किलोंहून अधिक वाढणे ही शरीरात पाणी साचत असल्याची खूण मानली जाते. यंत्रणा अशा रुग्णाला डॉक्टरांच्या यादीत आपोआप वर आणू शकते. वहीत आजचा आकडा मागच्या आकड्यांशी कोणीतरी ताडून पाहावा लागतो. अर्थात, पलीकडे ती यादी रोज पाहणारी परिचारिकाच नसेल, तर इशारा कितीही अचूक असला तरी व्यर्थ आहे, आणि विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो.

एकट्या राहणाऱ्या, वारंवार दाखल व्हावे लागणाऱ्या रुग्णास, नेटवर्क भरवशाचे असल्यास, यंत्रे योग्य ठरतील. घरात नेमाने लिहिणारी सून वा नातू असेल आणि डॉक्टर फोनवर भेटत असतील, तर वही पुरेशी आहे.