पाटी गंजलेलं दुकान आणि माझी 40 वॅटची पट्टी

रत्नागिरीत राम आळीच्या मागच्या बाजूला मोटर वाइंडिंगचं एक बारकंसं दुकान आहे, पाटी इतकी गंजलीय की "...डिंग वर्क्स" एवढंच वाचता येतं. खूण म्हणजे दारात उघडे पंप नि मिक्सर पसरलेले असतात. जुन्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या जमवणारं दुसरं कोणी इथे असेल तर त्याच्यासाठी लिहितेय, नसेल तर माझ्या समाधानासाठी.

पावसकडच्या एका पाडलेल्या घरातली 4 फुटी पट्टी भंगारवाल्याकडून 300 रुपयांना घेतली. वर पांढऱ्या इनॅमलचं छत्र (आजीच्या चहाच्या टमरेलाला असायचं तेच इनॅमल), टांगायला दोन साखळ्या, बॅकेलाइटचे (जुन्या काळचं कडक प्लास्टिक) होल्डर, आणि आत डांबर भरलेला चोक (ट्यूबचा करंट आवरणारी तारेची गुंडाळी), वजन असं की हात भरून येतो. आधी एका मोठ्या दुकानात घेऊन गेले तर तिथला मुलगा म्हणाला चोक फेकून द्या मॅडम, एलईडी ट्यूब टाकून देतो नि बॉडीला पावडर कोटिंग करू, एकदम नवी दिसेल. अरे पण नवीच हवी असती तर भंगारात कशाला हात घातला असता?

ह्या वाइंडिंगच्या दुकानातल्या काकांनी पट्टी उलटी करून बघितली आणि पहिला प्रश्न, "बाय, ही कुठून उचललीस गो?" मग फळीवरच्या 100 वॅटच्या बल्बला सिरीजमध्ये चोक जोडला. बल्ब मंद पिवळा पेटला. म्हणाले चोक जिवंत आहे, शॉर्ट असता तर बल्ब भगभगीत पेटला असता आणि आतून तुटला असता तर पेटलाच नसता. पण मेगर (करंट बाहेर झिरपतोय का ते मोजायचं यंत्र) लावला तर काटा पार खाली, बॉडीला लीकेज. आपल्याकडची खारी दमट हवा, दुसरं काय. मला वाटलं आता रिवाइंडिंग सांगणार, पण "डांबराला हात लावायचा नाही" म्हणून त्यांनी चोक पत्र्याच्या डब्यात पेटत्या बल्बशेजारी तीन दिवस ठेवून दिला, वाळवणासारखा! नंतर मेगर ठीक आला. फॉल्ट नुसत्या ओलीचा होता आणि ह्या माणसाने नव्या वाइंडिंगचे पैसे लावले नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं.

पट्टीत पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढला जाणारा करंट कमी ठेवणारा, जुना कपॅसिटर होता, फुगलेला, कडेला तेलकट ओल. काका तो फोडून बघणार होते, मी नको म्हटलं, जुन्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं. त्यांना हे माहीत नव्हतं पण ऐकलं लगेच, न उघडता पिशवीत बांधून दिला. ट्यूब त्याच्याशिवाय पेटते, करंट जास्त खेचते एवढंच. गुणगुण यायची ती पत्र्याचे स्क्रू सैल होते म्हणून, आवळल्यावर गेली. अर्थिंगची वायर नव्हतीच, ती न सांगता टाकली.

आता तक्रार. एक बॅकेलाइटचा होल्डर मला न विचारता काढून पांढरा प्लास्टिकचा बसवला होता. जुना कुठाय विचारलं तर "असेल तिकडे", मग मीच अर्धा तास खोक्यात हात घालून शोधला, नुसती त्याच्या आतली पितळेची पट्टी काळी पडलेली, पॉलिश पेपरने घासली की झालं. आणि वेळ! आठ दिवस सांगितले, लागले पाच आठवडे, कारण मध्ये गणपती आले, आणि कोकणात गणपतीत दुकान उघडं मिळेल असं समजणाऱ्याचीच चूक, सो हे माझ्यावर. इनॅमलचे टवके उडालेत तिथे रेड ऑक्साइड मीच लावला, त्या कामात ते पडत नाहीत.

बिल 850, रोख. जीपेचा स्टिकर आहे, रेंज नाही.

माळ्यावर त्यांच्याकडे जुन्या 38 मिमी जाडीच्या ट्यूबा निघाल्या, दोन घेतल्या. नंतरची 26 मिमीची 36 वॅटवाली पण ह्याच चोकवर चालते, पण ह्या छत्राखाली ती काडीसारखी दिसते. आणि ट्यूबमधल्या पाऱ्यामुळे मिनामाता ह्या आंतरराष्ट्रीय करारात 2027 पर्यंत ट्यूबांचं उत्पादन थांबवायचं ठरलंय, म्हणजे मिळतायत तोवर घेऊन ठेवा, फक्त फोडू नका.

पडवीत लावलीय. स्टार्टर टिकटिकतो, दोन्ही टोकं लालसर होतात, दोनदा लपलप करून मग पूर्ण पेटते. मे महिन्यात व्होल्टेज पडेल तेव्हा काय नाटकं करते बघू. नवरा म्हणतो घरात आता दोन ट्यूबलाइट झाल्या.

पाचपैकी चार. एक होल्डरचा कापला. दुपारी 1 ते 4 बंद असतं, फोन उचलत नाहीत, सरळ जा, आणि काय काय बदलायचं नाही ते कागदावर लिहून पट्टीला चिकटवून द्या.