स्लीव्हची साडेपाच वर्षं, आणि आता दुसऱ्या ऑपरेशनचा विचार

आमच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणि बाइंडिंग वायर मोजायचा प्लॅटफॉर्म काटा आहे. वैधमापनवाले दरवर्षी शिक्का मारून जातात, त्यामुळे काटा खोटं बोलतो असं म्हणायची सोय नाही. सकाळी शटर उघडलं की गिऱ्हाईक यायच्या आत मी त्यावर चढतो. जानेवारी 2020 ला, वजन उतरवायचं स्लीव्ह ऑपरेशन झालं तेव्हा, 134 किलो. मे 2021 ला 92. मग सात-आठ महिने 92, 93, पुन्हा 92, जणू काटा गंजलाय. आणि यंदाच्या, म्हणजे 2025 च्या पाडव्याला 108. उंची पाच फूट सहा, वय सत्तेचाळीस. ओळखीतले चार-पाच जण सारखे विचारतात, ‘स्लीव्ह करून घेऊ का?’ आणि मला घरचे विचारतात, ‘आता दुसरं करणार का?’ दोघांनाही एकदाच सविस्तर सांगतो.

ऑपरेशन पुण्याला झालं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक नळी मागे ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन मुख्यतः त्या कापलेल्या भागातच तयार होतं. म्हणून पहिले सात-आठ महिने भूक म्हणजे काय तेच मी विसरलो होतो. चार घास मुगाची डाळ खाल्ली की बास. साखरेच्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यात बंद झाल्या, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.4 वरून वर्षभरात 5.7 वर आली. रात्री श्वास अडू नये म्हणून तोंडाला मशीन लावून झोपायचो, ते कपाटावर गेलं. एवढ्यासाठी त्या ऑपरेशनला मी आजही नावं ठेवणार नाही.

मात्र त्या यशात लॉकडाऊनचा वाटा किती होता, हे फार उशिरा ध्यानात आलं. ऑपरेशननंतर दोन महिन्यांत सगळं बंद. लग्नं नाहीत, वास्तुशांती नाहीत, दुकानासमोरचा चहाचा गाडा नाही. घरचं मऊ खाणं आणि गच्चीवर सकाळ-संध्याकाळ फेऱ्या. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य सरकारनंच पाळायला लावलं.

स्लीव्ह काय अडवते आणि काय नाही, हे तेव्हा कोणी नीट सांगायला हवं होतं. दाट, चावून खायचं ते अडवते. अर्धी भाकरी आणि पिठलं झालं की पुढच्या एका घासाला छातीच्या मधोमध दगड बसतो. पण भडंग? सांगलीत राहणाऱ्या माणसाचा घात भडंगानंच व्हायचा. चुरमुरा तोंडात मऊ होतो आणि नळीतून वाळूसारखा सरकतो. गल्ल्यावर पुडा उघडा, गिऱ्हाईकाशी बोलता बोलता मूठ-मूठ, दुपारपर्यंत पाव किलो फस्त. पोटाची काहीच तक्रार नाही. चहात बुडवलेली खारी तशीच. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलं की बासुंदी, तीही तशीच. घर माळकरी, त्यामुळे अंडीसुद्धा नाहीत. दिवसाला सत्तर ग्रॅम प्रोटीन पनीर, डाळ आणि पावडरीतून भरायचं, ते जेमतेम चाळीसवर अडकायचं. डायटिशियन बाईंनी एकदा तीन दिवस सगळं वहीत लिहायला लावलं. जेवणं इतकी चिमुकली की बघणाऱ्याला दया यावी. आणि मधल्या वेळी दिवसाला सहा चहा, साखरेसकट. बाईंनी लाल पेननं चहाखाली रेघ मारली आणि वही परत दिली. काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

पण वजनापेक्षा मला छळलं ते आंबट पाण्यानं. 2022 पासून रात्री दोन-अडीचला खोकत उठायला लागलो. घशात कडू-आंबट, नाकापर्यंत जळजळ, उशीच्या अभ्र्याला पिवळे डाग. नळी अरुंद असल्यानं आतला दाब वाढतो, वरची झडप तो पेलत नाही. ॲसिड कमी करायची पॅन्टोप्राझोल आधी सकाळी एक, मग दोन वेळा. रात्रीचं जेवण साडेसहाला. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. बायको म्हणते, ‘मी रात्रभर घसरत पायथ्याला जाते, पहाटे चढून वर येते.’

पाडव्यानंतर एका सर्जनकडे गेलो. त्यांनी कागद चाळले आणि दहा मिनिटांत निकाल दिला: मिनी बायपास करू (म्हणजे पोटाची नळी खालच्या आतड्याला जोडायची), वीस-पंचवीस किलो जातील. बाहेरच्या टेबलावर पॅकेज छापून तयार, पाच लाख वीस हजार, आणि या महिन्यात ठरवलं तर सूट. सूट म्हटल्यावर मी उठलो. मीही दुकानदार आहे, माल कधी सूट देऊन काढतात ते मला कळतं.

दुसऱ्या सर्जननं काही बोलायच्या आधी दुर्बिणीची तपासणी आणि बेरियमचा एक्स-रे करायला लावलं. बेरियम म्हणजे खडू कालवल्यासारखं पाणी. एक-एक घोट घ्यायचा आणि आपलंच पोट पडद्यावर बघायचं. नळी ताणून मोठी झाली असेल, अशी माझी मनातून आशा होती, खरंच सांगतो. म्हणजे दोष पोटाचा ठरला असता. पांढरी रेघ सरळ, बारीक खाली उतरली. नळी होती तशीच होती. दोष भडंगाचा! दुर्बिणीत मात्र अन्ननलिकेला सूज दिसली, बी ग्रेडची (चार पायऱ्यांतली दुसरी), आणि छोटा हायटस हर्निया, म्हणजे पोटाचा वरचा भाग थोडा छातीकडं सरकलेला. तुकडा तपासला, त्यात पेशी बदललेल्या नव्हत्या.

मग त्यांनी तासभर वेळ दिला. पुन्हा स्लीव्ह करून नळी आणखी बारीक करणं माझ्यासाठी उलटं, दाब अजून वाढणार. मिनी बायपासमध्ये एकच जोड असतो, त्यातून पित्त वर येऊ शकतं. आधीच वर येतंय त्याला ते कशाला? करायचंच तर रू-एन-वाय बायपास. नळीच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करायची आणि लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक तिला जोडायचं. पित्त तिथून बरंच खाली येऊन मिसळतं, आणि आंबट वर यायचं बहुतेकांचं थांबतं. ‘पण वजनासाठी करत असाल तर पहिल्या वेळेसारखं उतरेल असं धरू नका,’ हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. आत सगळं चिकटलेलं असतं, जोड गळायचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. लोह जिथं जास्त शोषलं जातं तो भागच वगळला जातो, म्हणून लोह, बी-12, कॅल्शियम जन्मभर.

त्यांनी फिनलंडमधल्या स्लीव्हपास नावाच्या अभ्यासाचे आकडे दाखवले. 240 रुग्ण, काहींना स्लीव्ह, काहींना बायपास, दहा वर्षांचे निकाल 2022 मध्ये आले. जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं साधारण 43 टक्के उतरलेलं राहिलं, बायपासवाल्यांचं 51 च्या आसपास. घरी येऊन मी कॅल्क्युलेटर काढला. ऑपरेशनच्या वेळी माझं जादा वजन, म्हणजे उंचीला योग्य अशा 70 च्या वरचं, 64 किलो; पाडव्याला त्यातलं 26 उतरलेलं होतं. म्हणजे 41 टक्के. तीन वर्षं मी ज्याला ‘फेल गेलं’ म्हणत होतो, ते जवळजवळ सरासरीच होतं. मोठा फरक दुसऱ्याच रकान्यात होता. अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत 31 टक्के, बायपासवाल्यांत 7. तिथून पुढे मी काट्याकडे बघून ठरवायचं सोडलं.

विम्याची गंमत वेगळीच. लठ्ठपणाचं ऑपरेशन विम्यात बसायला बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40 लागतो, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात नसलेली साखर. माझा 38. साखर 6.1, घोरणं नाही. पहिल्या ऑपरेशननं जे बरं केलं, त्यामुळंच दुसऱ्याला पैसे नाहीत. आंबट पाणी त्या यादीत नाही. एजंट म्हणाला, ‘दादा, थोडी साखर वाढली असती तर...’ पुढं तोच ओशाळला. अन्ननलिकेचा आजार म्हणून अर्ज केलाय, पत्रव्यवहार चालू आहे.

दरम्यान सर्जननंच फिजिशियनकडे पाठवलं आणि एप्रिलच्या मध्याला भूक कमी करणारं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन सुरू झालं. भारतात ते मार्च 2025 मध्ये आलं होतं. आठवड्याला एक. पहिला महिना अडीच मिलिग्रॅम, कुपी तेव्हा 3,500 ची. पुढचे तीन महिने पाच मिलिग्रॅम, 4,375 ची. चार महिन्यांत 66,500 गेले आणि सात किलो गेले. किलोचा भाव काढायचा मोह मी आवरलाय. पण भडंगाचा पुडा समोर असतो आणि हात जात नाही, हे मी पहिल्यांदा अनुभवतोय. डोक्यातली खाण्याची कुजबुज गप्प झाली. बद्धकोष्ठ वाढलं. आणि पोट हळू रिकामं होतं म्हणून इंजेक्शननंतरचे दोन दिवस आंबट पाणी जरा जास्तच. थांबवलं की वजन परत येतं, असं डॉक्टर स्पष्ट सांगतात. महिन्याला साडेसतरा हजार कायमचे काढायचे कुठून, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

आई म्हणते, ‘एकदा कापलंस, आता राहिलंय ते तरी ठेव.’ बायकोचं म्हणणं, करून टाका, निदान झोप लागेल. पुतण्या मोबाइलवर पाहून रोज एक नवीन ऑपरेशन सुचवतो.

आज, गणपतीच्या तोंडावर, काटा 101. दिवाळीनंतर पुन्हा दुर्बीण आहे, त्याआधी इंजेक्शन कधी थांबवायचं ते विचारून ठेवलंय. सूज तशीच किंवा वाढलेली निघाली तर बायपास करणार, वजन तेव्हा 95 असलं तरी. सूज उतरली असेल तर नाही करणार, वजन 105 झालं तरी. तोवर खाटेखालच्या विटा तशाच.