जुनी चांदीची नाणी: सराफाकडे मोडायची की संग्राहकाला द्यायची?

जळगाव किंवा धुळ्याच्या सराफाकडे नाणं नेलं की तो वजन आणि टंच (चांदीची शुद्धता) पाहून मोडीचा भाव देतो. संग्राहक साल, टाकसाळ आणि नाण्याची अवस्था पाहतो. सराफाचे पैसे त्याच दिवशी हातात पडतात. संग्राहक शोधायला वेळ जातो, आणि लिलावात घातलं तर महिने लागतात, वर दलाली कापली जाते. म्हणून आधी घरीच नाणी वेगळी करा.

सालापासून सुरुवात करा. 1835 ते 1939 चा कलदार (ब्रिटिश काळातला, यंत्रावर पाडलेला) रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात 91.7 टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 चा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मी, 5.83 ग्रॅम. 1947 चा निकेलचा आहे, लोहचुंबकाला चिकटतो. त्या दिवशीचा शुद्ध चांदीचा दर या ग्रॅमना गुणलात की तळाची किंमत निघते. घासलेलं नाणं प्रत्यक्ष तोलूनच हिशोब करा. सराफ यातून घट धरतो, ती आधीच विचारा.

‘एक रुपया म्हणजे एक तोळा’ हा जुना हिशोब खरा आहे, पण तो तोळा 11.66 ग्रॅमचा. आजचा बाजारी तोळा 10 ग्रॅमचा. शंभर रुपये शंभर तोळे धरून दिलेत तर 166 ग्रॅम वजन हिशोबातून गळतं. ग्रॅममध्येच बोला.

खोट्याची शंका असेल तर 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. 91.7 टक्क्यांचा पूर्ण वजनाचा रुपया सुमारे 1.13 ग्रॅम दाखवतो, निम्म्या चांदीचा सुमारे 1.22. 1.3 च्या आसपास गेला तर आत तांबं-निकेलसारखी हलकी धातू आहे. मात्र चांदीतच ओतलेली नक्कल या कसोटीतून सुटते; तिथे अक्षरांच्या कडा भिंगाखाली पाहा.

1940 नंतरचे घासलेले रुपये सरळ सराफाकडे न्यावेत. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचे सर्वसाधारण सालांचे रुपये आधी दोन-तीन नाणेविक्रेत्यांना दाखवा. चांगल्या अवस्थेतल्याला मोडीपेक्षा जास्त मिळतं. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, 1912 पासून तो सुधारला. त्या 1911 ला संग्राहक वेगळा भाव देतात. 1939 चा दुर्मिळ रुपया तर वजनावर कधीच देऊ नका. त्याच्या नकलाही भरपूर आहेत, म्हणून सालाच्या आकड्याभोवतीचा सपाट भाग खरवडलेला आहे का ते आधी पाहा.

हाताने पाडलेली जुनी नाणी, म्हणजे बऱ्हाणपूर टाकसाळीचे मुघल रुपये किंवा होळकरांची नाणी, ही वेगळी गोष्ट. ठसा नाण्याहून मोठा असल्याने टाकसाळीचं नाव आणि साल कितपत उमटलंय यावर किंमत ठरते. यांचा टंच काढायला कानस लावू देऊ नका. नाण्यावरची अक्षरं वाचणारा जाणकार सापडेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं.

सातपुड्याकडच्या गळ्यातल्या माळांमधल्या रुपयांना नाकं (ओवायच्या कड्या) झाळलेली असतात. असं सुटं नाणं संग्राहक सहसा घेत नाही, आणि झाळणीचा डाग वजनात येतो पण टंच घटवतो. माळ अखंड असेल तर मात्र ती तोडू नका, दागिना म्हणूनच दाखवा.

चिंच, राख, टूथपेस्ट काहीही लावू नका. काळा थर काढला की पृष्ठभागावर ओरखडे उरतात आणि संग्राहकाचा भाव तिथेच पडतो. साध्या पाण्याने धुऊन सुती कापडाने टिपा.

‘तुमच्या नाण्याला लाखो रुपये, आधी शुल्क भरा’ असे फोन फसवणुकीचे असतात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सांगितलंय की ती अशा व्यवहारात नसते आणि शुल्क घेत नाही. शेतात किंवा भिंतीत पुरलेलं धन सापडलं तर 1878 च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत.