कंबरदुखीसाठी लोड, शेकायची पिशवी आणि पट्टा: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

कंबर धरली की घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जातं आणि पट्टा घेऊन येतं. क्रम इथेच चुकतो. उसण भरली, वाकताना चमक आली किंवा दिवसभर बसून कंबर जड झाली, तर सगळ्यात जास्त आराम देणारी वस्तू बहुतेक घरांत आधीच असते: दिवाणावरचा लोड. त्याखालोखाल रबरी शेकायची पिशवी. पट्ट्याचा नंबर तिसरा, तोही काही तासांपुरता.

उताणं झोपून लोड गुडघ्यांखाली घ्यायचा. पाय सरळ पसरले की कण्यापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू ताणला जातो, कमरेचे मणके पुढे ओढले जातात आणि कंबरेखाली पोकळी राहते. गुडघे वर आले की तो सैल पडतो, कंबर गादीला टेकते. उंची 15 ते 20 सेंटीमीटर पुरे. फायबरची उशी तासाभरात चपटी होते, म्हणून कापूस ठासून भरलेला लोडच बरा. लोड नसेल तर दोन जुन्या उशा एका अभ्र्यात कोंबाव्यात. फोमची तिरकी उशी वेगळी विकत मिळते. ती लोडासारखी घरंगळत नाही एवढाच तिचा फायदा. कळ फारच असेल तर सतरंजीवर उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर टाकाव्यात, गुडघे काटकोनात. दहा-पंधरा मिनिटांत स्नायू सुटायला लागतात. मात्र खुर्ची जवळ हवी. लांब राहिली तर माकडहाडावर ताण येतो.

कुशीवर झोपणाऱ्यांनी उशी दोन्ही गुडघ्यांमध्ये घ्यावी, आणि ती घोट्यापर्यंत पोचली पाहिजे. पट्टी लावून गुडघ्याला बांधायच्या छोट्या उशा ऑनलाइन खूप विकल्या जातात. त्या घेऊ नयेत. गुडघा उचलला जातो, पाऊल खाली लोंबतं, वरची मांडी आत वळते आणि सकाळी कंबरेची एकच बाजू ठणकते. नितंब रुंद असतील तर बरगड्या आणि नितंब यांच्यामधल्या फटीत पंचाची घडी सरकवावी. हे दुकानदार सांगत नाही, फरक मात्र पहिल्याच रात्री कळतो.

पालथं झोपणं सगळ्यांनाच वाईट नसतं. मणक्यांमधली गादी सरकून पायात कळ जात असेल, तर काहींना पोटाखाली पातळ उशी घेऊन पालथं पडल्यावर ती कळ पायातून वर कंबरेकडे येताना जाणवते. कंबर थोडी जास्त दुखली तरी ही खूण चांगली. उलट कळ पोटरीकडे उतरू लागली तर ती स्थिती सोडायची. वय झालेल्यांचं बऱ्याचदा वेगळं असतं: उभं राहिलं, चाललं की पाय भरून येतात, पुढे वाकलं की बरं वाटतं. त्यांनी पालथं पडू नये, कुशीवर गुडघे पोटाशी घ्यावेत. उठताना मात्र सगळ्यांनी आधी कुशीवर वळावं, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन बसावं.

आता शेक. अमेरिकेतल्या फिजिशियन संघटनेने 2017 साली दिलेल्या सल्ल्यात नव्या कंबरदुखीसाठी वरून दिलेली ऊब आहे, त्यामुळे शेक म्हणजे नुसती आजीची समजूत नाही. साधी रबरी पिशवी आमच्या मते सगळ्यात खात्रीची, पण ती भरण्याची रीत आहे. उकळतं पाणी ओतू नये. उकळी आल्यावर गॅस बंद करून थोडं थांबावं, नळाचं पाणी मिसळावं. दोन तृतीयांशच भरावी, मग आडवी करून पाणी तोंडाशी येईपर्यंत हवा काढावी आणि झाकण आवळावं. हवा राहिली तर ऊब अंगाला पोचत नाही आणि दाब आला की शिवण फाटते. पिशवीवर झोपू नये, पिशवी अंगावर ठेवावी: कुशीवर किंवा पालथं पडून, मध्ये दुहेरी पंचा, 15 ते 20 मिनिटं.

पिशव्या लवकर जातात त्याचं एक कारण तेल. तिळाच्या तेलाने चोळून लगेच शेकायची आपल्याकडे पद्धत आहे, पण तेलाने रबर फुगतं आणि चिरतं. तेल पुसून, कापड मध्ये घालूनच शेकावं. झणझणणारा बाम लावून तर मुळीच शेकू नये, त्वचा पोळते. मानेजवळ बारीक भेगा दिसल्या की पिशवी टाकून द्यावी.

विजेचं हीटिंग पॅड सोयीचं, ऊब एकसारखी. घेताना दोन गोष्टी बघाव्यात: ठरावीक वेळाने आपोआप बंद होणं, आणि धुता येणारं कव्हर. रात्रभर कंबरेखाली ठेवू नये. रोज तासन्‌तास शेकलं तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. मधुमेहाने बधिरपणा आला असेल तर चटका कळतच नाही. अशांनी पॅड वापरूच नये. प्लगला लावून तापवायची, आत द्रव असलेली जेलची पिशवी आम्ही कुणालाच सुचवणार नाही. तापताना फुगून फुटण्याचा आणि गळालेल्या द्रवातून शॉक बसण्याचा धोका तिच्या रचनेतच आहे. त्यापेक्षा तव्यावर जाडं मीठ तापवून बांधलेली पुरचुंडी बरी. आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून बघावी.

गादीसाठी हजारो रुपये घालवण्याआधी एक अभ्यास लक्षात ठेवावा. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर झालेला, 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर लोकांना जास्त बरं वाटलं. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द विक्रीचा. कापसाची गादी मध्ये दबून खड्डा पडला असेल तर पिंजून घ्यावी, नवीन लागेलच असं नाही. जमिनीवर नुसत्या सतरंजीवर झोपण्याचा हट्ट तर कुशीवर झोपणाऱ्यांनी सोडूनच द्यावा.

आणि सतत पडून राहू नये. दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच उपयोगी ठरते, हे 1986 सालीच दिसून आलं होतं. घरातल्या घरात चालत राहावं. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, मांड्यांच्या मध्ये बधिर झालं, पाऊल उचलेनासं झालं, तर मात्र शेक-बिक सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. दुखण्याबरोबर ताप असेल किंवा म्हातारं माणूस पडल्यावर कंबर दुखत असेल, तरी डॉक्टर आधी.

राहिला पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी पट्टे नित्याचा उपचार म्हणून वापरू नयेत असं सांगितलं. एसटीचा लांबचा प्रवास किंवा सामान हलवायचा दिवस, एवढ्यापुरता तो चालेल, झोपताना काढायचा. पँटच्या नंबरावरून घेऊ नये. डब्यावर जिथे माप घ्यायला सांगितलं असेल तिथेच टेपने मोजावं, कारण कुणी कंबरेचं माप धरतं, कुणी नितंबांचं. पट्ट्यात मागे बसवलेल्या ताठ पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना याव्यात, कण्यावर नाही. बांधल्यावर आत सपाट हात सरकला पाहिजे. खुर्चीत बसून बघावं: खालची कड मांडीत रुतली किंवा वरची बरगडीत घुसली, तर पट्टा उंचीला जास्त आहे, कमी उंचीचा मागावा. घालून बघू देत नाहीत आणि परतही घेत नाहीत, अशा दुकानातून पट्टा घेऊ नये.