बी-१२ कमी आहे: गोळी की इंजेक्शन?

सततचा थकवा, शब्द न आठवणे, डोके जड. शाकाहारी माणसात किंवा वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी), ओमेप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) घेणाऱ्यात बी-१२ तपासावेच. तपासणीसाठी रक्त औषध सुरू करण्याआधी द्यावे. नंतर आकडा फुगतो आणि निदान अडते.

गोळी स्वस्त, सोयीची. जठरातला इन्ट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ शोषायला लागणारे प्रथिन) नसला तरी मोठ्या मात्रेतला साधारण १ टक्का भाग आपोआप शोषला जातो. म्हणून रोज १००० ते २००० मायक्रोग्रॅम दिले की १० ते २० मायक्रोग्रॅम रक्तात पोहोचतात, आणि रोजची गरज जेमतेम २-३ मायक्रोग्रॅमची. मल्टिव्हिटॅमिनमधल्या चिमूटभर बी-१२ ने मात्र हे साधत नाही. गोळीचा खरा शत्रू विसराळूपणा, आणि तो तर या आजाराचाच भाग!

पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, स्मृती ढासळणे असेल तर इंजेक्शनच. स्नायूत १००० मायक्रोग्रॅम, सुरुवातीला बहुधा एक दिवसाआड, मग अंतर वाढवत. वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारे औषध) चालू असेल तर आधी सांगा, स्नायूत रक्त साकळू शकते. तीव्र रक्तक्षयात पहिल्या दिवसांत पोटॅशियम घसरू शकते, त्यावर लक्ष हवे.

नुसते फॉलिक ॲसिड घेणे सर्वांत वाईट: हिमोग्लोबिन सुधारते, नसांची हानी आतून चालूच राहते.

हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत सावरते, नसांना सहा महिने किंवा जास्तही लागतात. पातळी भरूनही थकवा तसाच असेल तर फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि झोप तपासा. बी-१२ चे डोस वाढवत बसू नका.