१५ लिटरचा गिझर, आठ महिन्यांनंतर: टाकी उत्तम, पिन टॉपकडे (प्लगकडे) लक्ष द्या

साठवणीचा, २००० वॅटचा गिझर. पाणी बोअरचं, रोज चार अंघोळी. २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला पहिल्या दिवशी १८-१९ मिनिटं लागत होती, आजही तेवढीच लागतात. एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कॉइलवर) क्षार बसले म्हणून वेळ वाढत नाही, एलिमेंट मात्र आतून जास्त तापून लवकर जातं. वेळ वाढलाच तर आधी व्होल्टेज पाहा. २३० चं २०० झालं की हाच गिझर जेमतेम १५०० वॅट ओढतो आणि १८ मिनिटांच्या जागी २४ लागतात.

तक्रार एकच. पाचव्या महिन्यात गिझरवरचा दिवा मधेच विझू लागला. दोष गिझरचा नव्हता, पिन टॉपचा होता. न्यूट्रलच्या पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी, आतली तार काळी, स्क्रू बोटानेही फिरत होता. ८.७ अँपिअर करंट, रोज तापणं-निवणं, त्यात स्क्रू सैल पडतो. सैल जोड आणखी तापतो आणि मग सॉकेटची पट्टीही ढिली होते. त्यामुळे एकटा पिन टॉप बदलून भागत नाही, सॉकेटही बदलावंच लागतं, नाहीतर नवा टॉप पुन्हा जळतो. काळी पडलेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापायची. सॉकेट १६ अँपिअरचंच हवं, वायर किमान अडीच चौरस एमएम. सॉकेटचं काम मेन स्विच बंद करूनच.

गिझर उघडण्याआधीची तपासणी मला फार उपयोगी वाटते. टॉप काढा, पाणी थंड असू द्या, थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) सर्वांत जास्त तापमानावर फिरवा, मल्टिमीटर २०० ओहमवर. फेज आणि न्यूट्रलच्या पिनांत २६ च्या आसपास आकडा यायला हवा (२३० × २३० ÷ २०००). काहीच आलं नाही तर कटआउट (टाकी फार तापली की वीज तोडणारा स्विच) उडालाय, थर्मोस्टॅटचा कॉन्टॅक्ट उघडा राहिलाय किंवा एलिमेंट तुटलंय. अर्थची मोठी पिन आणि टाकीचा धातूचा पाइप यांत जवळपास शून्य हवं. मग सर्वांत वरची रेंज लावून फेज आणि अर्थमध्ये पाहा, तिथे काहीच दिसता कामा नये.

इथे आकडा दिसला तर एलिमेंटमधून गळती आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) गिझर तापल्यावरच पडत असेल तर मल्टिमीटर बऱ्याचदा फसतो. वायरमनकडून ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेजवर गळती तपासणारा मीटर) लावून घ्या. आरसीसीबी पडतो म्हणून अर्थची तार सोडवणारे भेटतात. तसं कोणालाही करू देऊ नका, ओल्या अंगाने नळाला हात लागतो.

कटआउटचं बटण टाकी निवल्यावरच बसतं. पुन्हा उडालं तर थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटलेत असं समजा. थर्मोस्टॅट बदला, कटआउट थेट जोडू नका, टाकीत पाणी उकळून दाब वाढतो.

आता महिन्यातून एकदा, गिझर वीस मिनिटं चालल्यावर स्विच बंद करून पिन टॉपला हाताची मागची बाजू लावून पाहतो. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर त्याच दिवशी उघडायचा.