जुन्या टोयोटा पिकअपची टायमिंग चेन: बदलल्यानंतरचा अनुभव

आमची पिकअप १९९३ सालची आहे. इंजिन २.४ लिटरचे, चार सिलिंडरांचे २२आरई आणि गाडी टू-व्हील ड्राइव्ह. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या ज्या 'नमी' (NUMMI, टोयोटा आणि जनरल मोटर्सचा संयुक्त) कारखान्यात ती तयार झाली, तिथे आता टेस्ला गाड्या बनतात. गाडी मात्र त्याच गावात अजून कामाला आहे. तिची टायमिंग चेन (क्रँकशाफ्टच्या जोरावर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वेळेत फिरवणारी साखळी), गाईड (चेनला वाटेवर ठेवणाऱ्या पट्ट्या), टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग), दोन्ही स्प्रॉकेट (दातेरी चाके) आणि पुढचे कव्हर बदलल्यावर आता हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही उलटले आहेत, त्यामुळे मत मांडायला हरकत नाही.

या इंजिनाचे खरे दुखणे चेनपेक्षा गाईडचे आहे. आधीच्या २२आर इंजिनात दुहेरी चेन होती. १९८३ पासून एकेरी चेन आणि प्लास्टिकचे गाईड आले. साधारण ८० हजार ते १ लाख ४० हजार मैलांच्या दरम्यान हे प्लास्टिक ठिसूळ होऊन तुटते. टेन्शनर तेलाच्या दाबावर चालत असल्याने सैल झालेली चेन तो काही काळ सांभाळून घेतो. पण सकाळी थंड इंजिनाला सेल्फ मारल्यावर, दाब तयार होईपर्यंत, पुढच्या बाजूने खडखडाट ऐकू येतो. तो कानाआड केला, तर चेन ॲल्युमिनियमच्या कव्हरला आतून घासत राहते. त्या भिंतीपलीकडेच कूलंटची वाट आहे. भिंत आरपार झिजली की कूलंट ऑइलमध्ये उतरते, ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागते आणि क्रँकच्या बेअरिंगची वाट लागते.

आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूचे गाईड तुटलेले होते. कव्हरच्या आत चेनने पाडलेली चकचकीत खाच बोटाला स्पष्ट लागत होती, आणि ऑइल चेंबर उतरवल्यावर जाळीपाशी काळ्या प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे सापडले. चेंबर न उतरवता हे काम उरकता येते असे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण तेच तुकडे पुढे ऑइल पंपाची जाळी बुजवतात. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चेंबर उतरवायला पुढचा डिफरन्शियल खाली घ्यावा लागतो, ती कटकट आम्हाला नव्हती.

कव्हर काढताना एका बोल्टची विशेष काळजी घ्यावी. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) पुढच्या टोकाला, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) चालवणाऱ्या गिअरच्या खाली, तेलाचे लहानसे डबके साचते आणि त्याच्या तळाशी तो बोल्ट दडलेला असतो. तेल पुसल्याशिवाय तो दिसतच नाही आणि तो तसाच ठेवून कव्हर ओढल्यास ते तडकते.

किट निवडताना मी पोलादी पाठीचे गाईड असलेला संच घेतला. दुहेरी चेनचे संचही मिळतात, पण मूळ रोग गाईडचा असताना त्यावर जास्त पैसे घालण्यात मला अर्थ वाटला नाही. जुन्या कव्हरवरची खाच उथळ असली तरी ते पुन्हा लावू नये.

वापरातील फरक सांगायचा तर पहिला कानाला जाणवतो. थंड इंजिनाचा खडखडाट गेला आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर क्षणभर आवाज येतो, पण तो टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंतच. दुसरा फरक चढावर कळतो. झिजलेली चेन कॅमशाफ्टला मागे पाडते, आणि डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरत असल्याने इग्निशनही, म्हणजे ठिणगीची वेळही, मागे पडते. पूर्वी गणपतीच्या मखराच्या फळ्या लादून अल्टामाँट खिंड चढताना गिअर उतरवावा लागे, आता तेवढ्याच ओझ्यावर इंजिन कमी फेऱ्यांतही ओढते. अर्थात नव्या चेननंतर तपासणीच्या कनेक्टरमधील टीई१ आणि ई१ ही टोके जोडून इग्निशन ५ अंशांवर आणले होते आणि गरम इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इनटेकला ०.२० व एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर ठेवले होते. श्रेय एकट्या चेनला देता येणार नाही. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी होणारी धूर तपासणीही त्यानंतर विनातक्रार पार पडली.

तक्रार एकच आहे. कव्हर आणि चेंबर जिथे हेडला आणि ब्लॉकला भेटतात, त्या कोपऱ्यांपैकी एकातून तेलाचा बारीक पाझर सुरू झाला आहे. जमिनीवर थेंब पडत नाही, कापडाने पुसले की दोन-तीन आठवडे कोरडे राहते. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी तिथला सीलंट खरवडून नव्याने लावणार आहे.